मजकूर येतो, त्याचे नियम मागे राहतात : पोर्टल आणि सीएमएस जोडताना



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. कंपनीच्या वेब पोर्टलला सीएमएस कसं जोडायचं. सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, मजकूर लिहायचं, तपासायचं आणि प्रसिद्ध करायचं सॉफ्टवेअर. तुमच्यापैकी काही जण याच कामात असतील, काही जण पहिली नोकरी शोधत असतील, आणि काही जणांचा कोडशी काडीचाही संबंध नसेल. तरी ऐका. कंपनीच्या ॲपवर तुम्ही रजेचे नियम बघता, बसचं वेळापत्रक बघता, मेडिक्लेमचा फॉर्म शोधता. समोर आलेलं पान ताजं आहे की जुनं, तुमच्यासाठी आहे की दुसऱ्या कुणासाठी, हे बऱ्याचदा याच जोडणीवर ठरतं.

आधी दोन पात्रांची ओळख करून घेऊ.

पहिलं पात्र पोर्टल. लॉगिन केलं की आत एकाच ठिकाणी पगाराची स्लिप, रजेचा अर्ज, हजेरी, ट्रेनिंग असं सगळं दिसतं, ते पोर्टल. तुम्ही कोण आहात, कुठल्या विभागात आहात, कुठल्या ग्रेडचे आहात हे त्याला माहीत असतं. माणूस ओळखणं हे त्याचं मुख्य काम.

दुसरं पात्र सीएमएस. वर्डप्रेस, ड्रुपल ही नावं तुम्ही ऐकली असतील. इथे एचआरची किंवा कम्युनिकेशनची माणसं मजकूर लिहितात. कुणीतरी मसुदा करतं, कुणीतरी तपासतं, कुणीतरी मंजूर करतं, मग तो प्रसिद्ध होतो. जुन्या आवृत्त्या जपून ठेवल्या जातात. मजकूर सांभाळणं हे याचं मुख्य काम.

सोसायटीचं उदाहरण घ्या. नोटीस सेक्रेटरी लिहितात, पण गेटवर कोणाला आत सोडायचं हे वॉचमन बघतो. सेक्रेटरींना रोज गेटवर कोण येतं ते माहीत नसतं आणि वॉचमनला नोटिशीत काय लिहिलंय ते माहीत नसतं. दोघांची कामं वेगळी आहेत आणि ती वेगळी असणंच बरोबर आहे. सीएमएस आणि पोर्टलचंही तसंच.

मग एक दिवस मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "अरे, मजकूर तिकडे आहेच की. इकडे नुसता दाखवायचाय. दोन आठवड्यांत होईल ना?"

मजकूर दाखवणं दोन आठवड्यांत होतंही. पण प्रत्येक मजकुराबरोबर काही नियम असतात. हा कोणी बघायचा? कधीपर्यंत खरा मानायचा? कुठल्या भाषेतली प्रत अधिकृत? सीएमएसमध्ये असेपर्यंत हे नियम मजकुराला चिकटलेले असतात. मजकूर उचलून पोर्टलवर आणला की शब्द येतात, नियम मात्र मागे राहतात. ते मुद्दाम, एकेक करून आणावे लागतात. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय, आणि आता ते नीट उलगडून सांगते.

जोडायचे मार्ग कुठले?

सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे आयफ्रेम. पोर्टलच्या पानात एक खिडकी करायची आणि त्या खिडकीत सीएमएसचं पान उघडायचं. डेमोला झकास दिसतं. मग कोणीतरी मोबाइलवर उघडतं आणि स्क्रोलच्या आत स्क्रोल येतो. लॉगिनचा त्रास त्याहून मोठा. पोर्टल आणि सीएमएस वेगवेगळ्या डोमेनवर असतील, तर ब्राउझरच्या नजरेत सीएमएसची कुकी परकी ठरते. सफारीने मार्च २०२० पासून अशा परक्या कुकीज सरसकट अडवायला सुरुवात केली. क्रोमनेही त्याच वर्षी, आवृत्ती ८० पासून, सेमसाइटचा नियम कडक केला. परिणाम असा, की लॅपटॉपवर चालणारं पान आयफोनवर पुन्हा लॉगिन मागतं, आणि लॉगिन केलं तरी परत तेच. शिवाय सीएमएसच्या सर्व्हरने "मला दुसऱ्याच्या पानात उघडू देऊ नका" असा हेडर पाठवला, तर खिडकीत काहीच दिसत नाही. तो हेडर सुरक्षेसाठीच असतो, त्यामुळे डोळे मिटून काढून टाकणं हा उपाय नाही.

दुसरा मार्ग जुन्या जावा पोर्टलांचा, पोर्टलेट. पोर्टलचं पान म्हणजे छोट्या छोट्या चौकटी आणि प्रत्येक चौकट म्हणजे एक पोर्टलेट. याचं पहिलं प्रमाण, जेएसआर १६८, २००३ साली आलं आणि दुसरं, जेएसआर २८६, २००८ साली. दूरच्या सर्व्हरवरची चौकट आपल्या पोर्टलमध्ये आणण्यासाठी डब्ल्यूएसआरपी नावाचं प्रमाणही २००३ मध्येच आलं होतं. मोठ्या कंपन्यांत हे कोड अजून चालू आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी असं काही हातात आलं तर घाबरू नका.

तिसरा मार्ग मजकुराच्या कोठाराशी थेट बोलायचा. जावासाठी जेएसआर १७० हे प्रमाण २००५ मध्ये ठरलं. त्यानंतर २०१० मध्ये ओएसिस या संस्थेने सीएमआयएस १.० मंजूर केलं. एका कंपनीचं कोठार आणि दुसऱ्या कंपनीचं पोर्टल यांनी एकमेकांशी एकाच भाषेत बोलावं, हा त्यामागचा विचार. कागदपत्रं, फोल्डर, आवृत्त्या यांसाठी ते चांगलं आहे.

चौथा मार्ग, आज बहुतेक नवी कामं ज्याने होतात तो, म्हणजे एपीआय. सीएमएस पान बनवून देत नाही, नुसता मजकूर जेसनमध्ये देतं. पान कसं दिसावं ते पोर्टल किंवा मोबाइल ॲप ठरवतं. याला हेडलेस म्हणतात. वर्डप्रेसने डिसेंबर २०१६ मध्ये, आवृत्ती ४.७ सोबत, मजकुरासाठीचा रेस्ट एपीआय गाभ्यात घेतला. ड्रुपलने २०१९ मध्ये, आवृत्ती ८.७ सोबत, जेसन एपीआयचं मॉड्यूल गाभ्यात आणलं. त्यामुळे पहिली विनंती पाठवून उत्तर मिळवणं आता अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि गंमत इथेच आहे. अर्ध्या तासात उत्तर मिळतं, म्हणून काम झालं असं वाटतं. खरं तर तिथून काम सुरू होतं.

पहिला नियम : कोणी बघायचं

एक प्रसंग सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही. कारखाना मोठा होता, तीन पाळ्या चालायच्या. पोर्टलच्या पहिल्या पानावर "तुमच्यासाठी सूचना" अशी एक चौकट होती आणि त्यातला मजकूर सीएमएसमधून यायचा. व्यवस्थापकांसाठी वेगळ्या सूचना, कामगारांसाठी वेगळ्या.

एके दिवशी सकाळच्या पाळीतल्या काही कामगारांना त्या चौकटीत एक मथळा दिसला. एक प्रॉडक्शन लाइन बंद करून माणसं दुसऱ्या प्लांटला हलवण्याबद्दलचा तो मथळा होता. फक्त व्यवस्थापकांसाठी, चर्चेच्या पातळीवरचा. मथळ्यावर क्लिक केलं की "परवानगी नाही" असा संदेश यायचा, पण मथळा आणि खालच्या दोन ओळी वाचायला मिळत होत्या. तेवढं पुरेसं होतं. दुपारपर्यंत स्क्रीनशॉट सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर. युनियनशी अजून कोणी बोललेलंही नव्हतं. ज्यांच्या घरचं भाडं, मुलांची शाळा त्या गावात आहे, त्या माणसांना ही बातमी अशी कळावी का, सांगा.

कारण शोधायला जी टीम बसली, तिच्यात मी होते. विचित्र गोष्ट ही, की आम्ही बघायला गेलो की सगळं बरोबर दिसायचं. कामगाराच्या खात्यातून लॉगिन केलं, तर कामगारांच्याच सूचना. कधी चुकतं, कधी नाही.

असं "कधी कधी" ऐकलं की पहिला संशय कॅशेवर घ्यायचा. कॅशे म्हणजे तात्पुरती साठवण. प्रत्येक वेळी सीएमएसला विचारलं तर पोर्टल हळू चालेल, म्हणून एकदा आलेलं उत्तर काही मिनिटं जवळ ठेवतात आणि पुढच्या माणसाला तेच देतात. इथे पोर्टल सीएमएसला विचारताना माणसाचा गट एका वेगळ्या हेडरमधून पाठवत होतं. सीएमएस त्या गटाप्रमाणे बरोबर उत्तर देत होतं. पण मधला कॅशे फक्त यूआरएल बघून उत्तर साठवत होता. गट त्याला माहीतच नव्हता. म्हणजे साठवण संपल्यावर पहिल्यांदा जो पान उघडेल, त्याच्या गटाचं उत्तर पुढची दहा मिनिटं सगळ्यांना. त्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी पहिल्यांदा पान उघडलं ते एका व्यवस्थापकाने.

यात सीएमएसचं काम बरोबर, पोर्टलचं काम बरोबर आणि कॅशेही त्याला सांगितलं तेच करत होता. "हे व्यवस्थापकांसाठी आहे" हा नियम मात्र वाटेत गळून पडला. एचटीटीपीमध्ये यासाठीच व्हॅरी नावाचा हेडर आहे. कुठल्या हेडरवर उत्तर बदलतं ते तो कॅशेला सांगतो. नाहीतर कॅशेच्या किल्लीतच गट आणि भाषा घालायची.

इथे लगेच प्रश्न येतो, की मग प्रत्येक माणसासाठी वेगळी प्रत ठेवायची का? नको. समजा चार हजार माणसं आहेत. चार हजार प्रती ठेवल्या तर कॅशेचा उपयोगच संपला. पण वाचकांचे गट मोजून पाच असतील आणि भाषा दोन, तर एका पानाच्या दहाच प्रती होतात. म्हणून गट थोडे आणि ठरलेले असावेत. ते ठरवायला एचआरबरोबर बसावं लागतं. "सुपरवायझर हा व्यवस्थापक की कामगार?" याचं उत्तर कोडमध्ये सापडत नाही.

अजून तीन गोष्टी इथेच सांगून टाकते.

एक, बहुतेक जोडण्यांत पोर्टल एकाच सर्व्हिस अकाउंटने सीएमएसशी बोलतं आणि त्या अकाउंटला सगळं दिसतं. मग गाळायची जबाबदारी पूर्णपणे पोर्टलवर येते. त्या अकाउंटला मसुदे दिसायची काय गरज? जेवढं लागतं तेवढेच अधिकार द्या. आणि ज्या मजकुरावर गटाची खूण नाही, तो कोणालाच दिसू नये, सगळ्यांना नव्हे. खूण लावायला विसरलं तर पान दिसत नाही म्हणून तक्रार येईल, ते चालतं. उलटं झालं तर तक्रारही येत नाही.

दोन, सर्च. पानाला कुलूप आहे, पण सर्चच्या निकालात मथळा आणि दोन ओळी दिसतात, हे फार ठिकाणी घडतं. सर्चच्या इंडेक्समध्ये मजकुराबरोबर त्याचे गटही साठवा आणि शोधतानाच गाळा.

तीन, सीएमएसमधून आलेलं एचटीएमएल. एखाद्या संपादकाने बाहेरून कॉपी करून काही चिकटवलं आणि त्यात स्क्रिप्ट आली, तर ती पोर्टलच्या पानावर, तुमच्या लॉगिनसकट चालते. त्याच पोर्टलवर पगाराची स्लिपही असते. म्हणून आलेला मजकूर स्वच्छ करूनच दाखवायचा. कुठले टॅग चालतील याची यादी ठेवायची आणि बाकीचे काढून टाकायचे.

दुसरा नियम : कधीपर्यंत खरं

आता दुसरं उदाहरण. प्रसूती रजेचा कायदा २०१७ मध्ये बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून हा बदल लागू झाला. समजा एचआरने सीएमएसमधलं पान त्याच दिवशी बदललं. त्यांच्या दृष्टीने काम झालं.

पण जुना आकडा अजून कुठे कुठे राहतो ते मोजा. पोर्टलच्या कॅशेमध्ये. सर्चच्या इंडेक्समध्ये. मोबाइल ॲपने फोनवर साठवलेल्या प्रतीत. आणि पानाला जोडलेल्या पीडीएफमध्ये, ज्याचा यूआरएल वेगळा आहे आणि जो कोणीतरी वर्षभरापूर्वी ग्रुपवर फॉरवर्ड केला होता.

आता सहावा महिना लागलेली एखादी मुलगी बसमध्ये बसून फोनवर "प्रसूती रजा" शोधते आणि तिला १२ आठवडे दिसतात. ती त्याप्रमाणे घरी बोलते, सासूबाईंना गावाहून कधी बोलवायचं ते ठरवते, कदाचित नोकरी सोडायचा विचारही करते. "कॅशे क्लिअर करा" असं तिला कोण सांगणार? आणि तिने का म्हणून करावं?

मग उपाय काय? दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरायचे.

पहिला, मुदत. प्रत्येक साठवलेल्या प्रतीला आयुष्य ठरवून द्यायचं. पाच मिनिटं, एक तास, जे असेल ते. मुदत संपली की पुन्हा विचारायचं. यात सोय अशी, की ईटॅग नावाची खूण पाठवून "हे बदललंय का?" एवढंच विचारता येतं. बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो आणि पूर्ण मजकूर पुन्हा पाठवत नाही.

दुसरा, वेबहुक. मजकूर बदलला की सीएमएसने स्वतःहून पोर्टलला कळवायचं, "हे पान बदललं, तुमची प्रत टाकून द्या." हे जलद असतं. पण नेमकं त्याच क्षणी पोर्टल रीस्टार्ट होत असेल, तर तो निरोप हरवतो. म्हणून फक्त वेबहुकवर भिस्त ठेवायची नाही. निरोप आला तर लगेच बदल, नाही आला तरी मुदत संपल्यावर बदल.

आणि "प्रसिद्ध झालं" या घटनेवर सगळे वेबहुक लावतात, पण "काढून टाकलं" या घटनेवर लावायचं राहून जातं. मग सीएमएसमधून गेलेलं पान पोर्टलवर भुतासारखं फिरत राहतं. प्रसिद्ध करणं, बदलणं, मागे घेणं, पूर्ण काढणं, या चारही घटना तपासा. फाइल बदलणं ही पाचवी.

आता एक अवघड निर्णय. सीएमएसच बंद पडलं तर पोर्टलने काय दाखवायचं? आरएफसी ५८६१ मध्ये, २०१० साली, यासाठी एक पद्धत सांगितली आहे. मूळ सर्व्हर चुकत असेल तर ठरावीक वेळेपर्यंत जुनी प्रत द्या. कँटीनच्या मेनूसाठी हे मस्त आहे. कालचा मेनू दिसला तर फार तर कोणी पोह्यांच्या आशेने जाईल आणि उपमा खाऊन येईल. पण रजेचे नियम किंवा सुरक्षेच्या सूचना जुन्या दाखवायच्या का? माझं मत असं, की दाखवा, पण वर तारीख लिहा : "ही प्रत अमुक दिवसाची आहे." आणि काही पानं अशी असतात, उदाहरणार्थ आणीबाणीत काय करायचं, जी कुठल्याही परिस्थितीत उघडलीच पाहिजेत. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मजकुराला वेगळा नियम. हा निर्णय इंजिनिअरने एकट्याने घ्यायचा नसतो, पण तो विचारायला लावणं हे इंजिनिअरचं काम आहे.

त्याचबरोबर, सीएमएस बंद म्हणून पगाराची स्लिप उघडत नाही, असं होता कामा नये. सीएमएसला विचारताना वेळेची मर्यादा घाला. दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर ती चौकट सोडून बाकीचं पान दाखवा.

तिसरा नियम : कुठली भाषा, कुठली प्रत

हा मुद्दा आपल्या जवळचा आहे. कंपन्यांत मूळ धोरण इंग्रजीत लिहिलं जातं आणि मग त्याचं मराठी होतं. सीएमएसमध्ये दोन्ही एकमेकांना जोडलेले असतात. पण पोर्टल बहुधा दोन वेगळी पानं म्हणून आणतं. इंग्रजी पान मार्चमध्ये बदललं, मराठी मागच्या ऑगस्टचंच आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि मराठी कोण वाचतं? ज्याला इंग्रजी अवघड जातं तो. म्हणजे ज्याच्याकडे दुसरीकडून खात्री करून घ्यायचे मार्ग कमी, त्यालाच जुनी माहिती.

उपाय साधा आहे. मराठी प्रतीबरोबर ती इंग्रजीच्या कुठल्या आवृत्तीवरून केली ते साठवा, आणि मूळ पुढे गेलं असेल तर पानावर मराठीतच लिहा, की मूळ धोरणात नंतर बदल झाला आहे, भाषांतर सुरू आहे, तोवर एचआरशी बोला. "मराठी नाही तर इंग्रजी दाखवा" हा नियमही गुपचूप लावू नका, सांगून लावा.

याच मुद्द्यात एक खास मराठी गंमत आहे. हे ऐकताना कळणार नाही, म्हणून लेखी प्रतीत बघा. "कर्मचाऱ्यांसाठी" आणि "कर्मचार्‍यांसाठी". दिसायला जवळपास सारखे. पण आत दोन वेगळे प्रकार आहेत. तो जो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा र आहे, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात टिंबवाला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह. कोण कुठला कीबोर्ड वापरतं त्यावर हे ठरतं. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द. आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानत नाही.

म्हणजे सीएमएसमध्ये लिहिणाऱ्या मॅडम एक प्रकार टाइप करतात, कामगार फोनवर दुसरा प्रकार टाइप करतो आणि सर्च म्हणतं, "काही सापडलं नाही." मजकूर आहे, परवानगी आहे, ताजाही आहे, पण त्याच्या भाषेत शोधल्यावर सापडत नाही. इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे, एका प्रकाराचा दुसरा करून घ्यायचा. दोन-चार ओळींचा नियम आहे. पण तो लिहायला टीममध्ये मराठी वाचणारं कोणीतरी लागतं, आणि त्या माणसाने तोंड उघडावं लागतं. तुम्ही टीममध्ये नवीन असाल आणि तुम्हाला हे माहीत असेल, तर गप्प बसू नका. हा मुद्दा बाहेरून आलेला सल्लागार सहसा सांगणार नाही.

सुरू करण्याआधी काय विचारायचं?

तुमच्याकडे असं काम आलं, तर पहिल्या मीटिंगमध्ये एपीआयची चर्चा थोडी बाजूला ठेवा आणि हे प्रश्न वहीत लिहून घ्या.

हा मजकूर कोणाचा? म्हणजे चुकीचा निघाला तर फोन कोणाला करायचा?

कोणी बघायचा, आणि कोणी बघू नये? दुसरा अर्धा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

बदलल्यावर किती वेळात बदललेला दिसायला हवा? "लगेच" हे उत्तर घेऊ नका. मिनिटांत आकडा घ्या, प्रकाराप्रमाणे.

मागे घेतल्यावर कुठून कुठून जायला हवा? कॅशे, सर्च, ॲप, फाइल.

मूळ सिस्टीम बंद असेल तर काय दाखवायचं?

कुठल्या भाषेची प्रत प्रमाण, आणि मागे पडलेली प्रत कशी ओळखायची?

आणि चाचणीसाठी एक सवय लावून घ्या. मी तिला दोन माणसांची चाचणी म्हणते. कॅशे रिकामा करायचा. आधी व्यवस्थापकाच्या खात्याने पान उघडायचं, मग कामगाराच्या. पुन्हा कॅशे रिकामा करायचा आणि क्रम उलटा करायचा. दोन्ही वेळा प्रत्येकाला आपापलंच दिसलं, तर ठीक. मघाशी सांगितलेला तो मथळा या चाचणीत पाच मिनिटांत सापडला असता. एका खात्याने कितीही वेळा तपासलं असतं, तरी सापडला नसता. हीच चाचणी सर्चवर करा, हीच पीडीएफच्या लिंकवर करा. आणि लॅपटॉपवर नको, फोनवर करा, मोबाइल डेटावर, कारण वाचणारे तिथेच आहेत.

या सगळ्यात हुशार कोड फारसा लागत नाही. हेडर, मुदती, गटांची यादी, दोन-चार ओळींचा सर्चचा नियम. वेळ जातो तो माणसांना विचारण्यात. एचआरला, संपादकांना, आणि जमलं तर ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या लोकांना. पाळी सुटायच्या वेळी गेटजवळ दहा मिनिटं उभं राहा आणि एखाद्याला विचारा, "दादा, ॲपवर शेवटचं काय शोधलंत? सापडलं का?" त्या दहा मिनिटांत मिळणारी माहिती दोन तासांच्या रिक्वायरमेंट मीटिंगमध्ये मिळत नाही.

आणि तुम्ही वाचणारे असाल, तर कंपनीच्या ॲपवर महत्त्वाचं काही वाचताना तारीख बघा. तारीख नसेल तर एचआरला मेल करून विचारा, "हे आजही लागू आहे का?" तो तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या एका मेलमुळे पलीकडच्या टीमला कळेल की पानावर तारीख नाही.

पुढच्या भागात लॉगिनबद्दल बोलू. एकदाच लॉगिन करून दहा सिस्टीममध्ये कसं शिरता येतं, आणि बाहेर पडताना त्या दहाही ठिकाणांहून खरंच बाहेर पडतो का, ते बघू. तोवर काळजी घ्या, भेटूच!